मोठ्या टर्बोआधी: एक इंजिन बांधताना

तिसरा पिस्टन खाली राहत होता.

माझ्या गाडीचं इंजिन उघडायच्या आधीच हे कळलं. चारही प्लग काढायचे, प्लगच्या भोकातून पितळेची बारीक सळई आत सोडायची, तिच्या टोकावर डायल गेज टेकवायचा आणि क्रँकचा बोल्ट पान्यानं सावकाश फिरवायचा. सळई वर येते, क्षणभर थांबते आणि परत खाली जायला लागते. ती थांबते तिथला आकडा लिहून घ्यायचा. या इंजिनात प्लग सिलिंडरच्या मधोमध उभा बसतो, म्हणून हे जमतं. पहिला, दुसरा आणि चौथा पिस्टन एकमेकांच्या पाच शतांश मिलिमीटरच्या आत होते. तिसरा १.२ मि.मी. खाली. चार वेळा मोजलं, चारही वेळा तेच आलं.

आदल्या दिवशी कॉम्प्रेशन तपासलं होतं: १७५, १७०, १५०, १७५ पीएसआय. तिसऱ्यात हवा गळत असेल या हिशेबानं लीकडाउन चाचणीही केली, तर गळती चारही सिलिंडरना सारखीच. हवा गळत नाही आणि दाब मात्र कमी भरतोय, याचा अर्थ पिस्टन पूर्ण वर पोचतच नाही. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड वाकला होता. गेले दोन महिने आयडलला (गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना) जी बारीक थरथर जाणवत होती आणि जिच्यासाठी मी इंजिन माउंटिंगसुद्धा बदलून टाकली, ती ही होती.

गाडी २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली. १.८ लिटरचं, सिलिंडरमागे पाच व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन. कंपनीतून निघताना १५० अश्वशक्ती. आज त्या आकड्याचं कुणाला काही वाटणार नाही, पण त्या काळी आपल्याकडच्या रस्त्यावर तो फार मोठा होता. मी कॉलेजात असताना कोल्हापुरात एकाकडे अशी गाडी होती आणि ती ताराराणी चौकातून जाताना मी थांबून बघायचो. पुढे बारा वर्षांनी मला मिळाली, तीही तिसऱ्या मालकाकडून.

घेतल्यावर वर्षभरात मूळचा के०३ टर्बो काढून थोडा मोठा के०४ बसवला आणि एका ट्यूनरकडून ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप करून घेतला. बूस्ट, म्हणजे टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब, १.४ बारपर्यंत आणि तोही तीन हजार आरपीएमच्या आतच. गाडी पायाखालून निसटल्यासारखी पळायची. चौथ्या गिअरला घाट चढताना पाय दाबला की मागे ढकलल्यासारखं व्हायचं आणि मला तेच आवडायचं. त्या मॅपसाठी ९७ ऑक्टेनचं पेट्रोल लागेल असं ट्यूनरनं सांगितलं होतं. ते दर वेळी मिळालं नाही, तेव्हा मी साधं ९१चं भरलं. ती चूक माझी.

रॉड का वाकतो हे त्या दिवसांत मी नीट समजून घेतलं, कारण पुढचं सगळं काम त्यावरच उभं राहणार होतं. पिस्टनचा व्यास ८१ मि.मी., म्हणजे वरचं क्षेत्रफळ साधारण साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर. जळत्या वायूचा दाब १०० बार धरला तर त्या एका पिस्टनवर सव्वापाच टन भार येतो. हा भार कमी आरपीएमला आला तर जास्त घातक, कारण पिस्टन सावकाश फिरत असतो, दाब त्याच्यावर जास्त वेळ राहतो आणि पिस्टनच्या गतीचा जो उलटा ओढा जास्त आरपीएमला थोडा भार उचलतो, तोही तेव्हा नसतो. त्यात कमी ऑक्टेनच्या पेट्रोलनं नॉकिंग झालं, म्हणजे मिश्रण आपोआप भडकलं, की दाब एकदम उसळी मारतो, हातोडा मारावा तसा. लहान टर्बोकडून तीन हजारालाच जास्तीत जास्त टॉर्क काढणं म्हणजे रॉड वाकवायची खात्रीची रीत. मोठा टर्बो चार हजारांनंतर भरायला लागतो. रॉडच्या दृष्टीनं तो एका अर्थी दयाळू असतो. मात्र तो गाडीला सात हजारांपर्यंत नेतो आणि तिथं दुसरंच संकट उभं असतं. त्या वेगाला या इंजिनातला पिस्टन सेकंदाला सरासरी वीस मीटर धावतो, वर पोचल्यावर थांबतो आणि उलटा फिरतो. त्या क्षणी रॉडला आणि रॉडच्या बोल्टांना दीड-दोन टनांचा ओढा सोसावा लागतो. दाब रॉड वाकवतो आणि ओढा बोल्ट तोडतो. बोल्ट तुटला की रॉड ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो.

इंजिन उतरवायचंच होतं. मूळचं परत बसवून गप्प राहायचं की एकदाच नीट बांधायचं, यावर आठवडाभर विचार केला. मग ठरवलं: गॅरेटचा जीटी३०७१आर हा मोठा टर्बो, क्रँकवर ३५० अश्वशक्तीच्या आसपास, आणि गाडी रस्त्यावरून बंद. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीत लिहिल्यापेक्षा वेगळी गाडी करून रस्त्यावर चालवता येत नाही, आणि तीनशेच्या वर अश्वशक्ती नुसत्या पुढच्या दोन चाकांवर टाकणारी गाडी खड्ड्यांच्या, माणसांच्या रस्त्यावर असूही नये असं मला मनापासून वाटतं. ती आता ट्रेलरवरून ट्रॅकला जाते आणि ट्रेलरवरून परत येते.

इंजिन उघडल्यावर रॉड काचेवर आडवा ठेवला. वाक डोळ्याला दिसत होता. पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या घेरावर) एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा होता, दुसऱ्या बाजूचा काळपट थर तसाच. पिस्टन रॉडला जोडणारी पिन मोजली, १९ मि.मी. निघाली. याच कुळातल्या काही इंजिनांत ती २० असते, आणि बाहेरून मागवायचे फोर्ज्ड (घडीव) पिस्टन बहुतेक २०चे येतात. म्हणजे रॉडही वरच्या टोकाला २० घेणारेच हवेत, लांबी मात्र मूळचीच १४४ मि.मी. न मोजता मागवलं असतं तर परदेशातून आलेला सेट कस्टमचे पैसे भरून घरी घेतला असता आणि तो बसला नसता.

पिस्टनमध्ये दोन जातींच्या मिश्रधातूंपैकी निवड करायची होती. ४०३२ या मिश्रधातूत सिलिकॉन जास्त, त्यामुळे तो तापल्यावर कमी फुगतो आणि थंड असताना आवाज कमी करतो. २६१८मध्ये सिलिकॉन अगदी थोडं. तो जास्त फुगतो, सकाळी कडकड करतो, पण नॉकिंगचा मार बसला तर तडकण्याऐवजी सोसतो. मी २६१८ घेतले. आपल्याकडच्या पेट्रोलचा आणि मे महिन्याच्या उन्हाचा विचार करता मला दुसरं उत्तर सुचत नव्हतं. मूळचा क्रँक फोर्ज्डच असतो आणि माझा चांगल्या स्थितीत होता. त्याला फक्त तडा तपासून पॉलिश करून घेतलं.

मग ब्लॉक घेऊन उद्यमनगरात अण्णांकडे गेलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली कित्येक दशकं इंजिनांची कामं होतात. अण्णांचा हात मुळात गुऱ्हाळावरच्या आणि शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांवर बसलेला. बोअरिंग मशीनच्या टूलखाली पडणारा कीस चिमटीत धरून हे बीड कुठल्या प्रतीचं आहे हे ते सांगतात, आणि मला आजवर ते चुकल्याचं आठवत नाही. माझा ब्लॉक त्यांनी हातोडीनं दोन ठिकाणी वाजवला, बोअरमध्ये (सिलिंडरच्या पोकळीत) बोट फिरवलं.

"पिस्टन आणलास?"

"यायचेत अजून, अण्णा. साडेएक्क्याऐंशीचं बोअर करून ठेवा, तोवर येतील."

"मग ब्लॉक परत घिऊन जा. पिस्टन हातात आल्याबिगर मी टूल लावत न्हाई. डब्यावर काय लिवलंय ते मला नगं, मोजून बघतो."

पिस्टन यायला सात आठवडे लागले. आले तेव्हा अण्णांनी चारही मायक्रोमीटरनं मोजले, कंपनीनं सांगितलेल्या जागीच, स्कर्टच्या खालच्या बाजूला पिनच्या काटकोनात. चारांत एक सात मायक्रॉन (हजारांश मिलिमीटर) मोठा होता. त्यांनी प्रत्येकावर खडूनं आकडा घातला आणि कुठला पिस्टन कुठल्या बोअरला ते वहीत लिहिलं. पिस्टन आणि भिंत यांत मला ०.०८ मि.मी. फट हवी होती. सात मायक्रॉन म्हणजे त्या फटीचा जवळजवळ अकरावा हिस्सा.

यानंतर टॉर्क प्लेटचा विषय निघाला. ब्लॉकवर हेड (सिलिंडरांचं वरचं झाकण) घट्ट केलं की बोल्टांच्या ओढीनं बोअरची भिंत किंचित सरकते. उघड्या ब्लॉकवर गोल केलेलं बोअर हेड बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून हेडऐवजी जाड लोखंडी प्लेट त्याच बोल्टांनी, त्याच टॉर्कला घट्ट करायची आणि प्लेट असतानाच होनिंग करायचं, म्हणजे बोअर दगडानं घासून नेमक्या मापाला आणायचं. प्लेटला बोअरपेक्षा थोडी मोठी चार भोकं, म्हणजे होनिंगचं डोकं त्यातून खाली जाईल. मला माहीत होतं ते वाचून. अण्णांना ते पटलं नव्हतं.

"हेड आवळल्यावर बीड हालतंय व्हय?"

मी म्हटलं, मोजू या. शेजारच्या गल्लीतल्या टर्नरकडून ४० मि.मी. जाडीच्या लोखंडी पट्टीची प्लेट करून घेतली. हेड गॅस्केट ठेवून भोकं आखली, चार मोठी भोकं ८४ मि.मी.ची पाडली आणि दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडरवर सपाट केल्या. वजन इतकं झालं की ती दोघांनी उचलावी लागते. माझा सगळ्यात जास्त वेळ या एका तुकड्यात गेला आणि या कामातली मला सगळ्यात आवडती वस्तूही तीच आहे.

अण्णांनी आधी उघडा ब्लॉक मोजला. डायल बोअर गेज दुसऱ्या बोअरमध्ये उतरवला, वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना. सुई तीन-चार मायक्रॉनच्या पलीकडे गेली नाही. मग गॅस्केट, प्लेट आणि नवीन स्टड. आतून बाहेर अशा क्रमानं तीन टप्प्यांत टॉर्क दिला. गेज पुन्हा उतरवला. वरून साधारण २० मि.मी. खाली, स्टडांच्या रेषेत, सुई २२ मायक्रॉन सरकली. अण्णांनी गेज काढला, पुसला, शून्य पुन्हा लावलं आणि परत मोजलं. पुन्हा २२. चारही बोअरना कमी-जास्त तसंच.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही पुढे ओढून म्हणाले, "सांग, लिवून घेतो." आणि चारही बोअरचे प्लेटशिवायचे आणि प्लेटसकटचे आकडे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात उतरवले.

०.०८ची फट ठेवायची आणि बोअर एका दिशेला ०.०२नं आत आलेलं असलं तर त्या जागी पिस्टन घासणार आणि समोरच्या जागी पिस्टनवरची रिंग भिंत सोडणार. महाग पिस्टन घालूनसुद्धा काहींची इंजिनं तेल का पितात हे मला त्या दिवशी समजलं.

होनिंग झाल्यावर ब्लॉक धुऊन मिळाला. दिसायला स्वच्छ होता. घरी आणून ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, प्लग काढले, लांब ब्रश साबणाच्या गरम पाण्यात बुडवून आरपार फिरवला आणि शेवटी पांढरं सुती कापड ओढलं. कापड राखाडी निघालं. होनिंगच्या दगडाची पूड. चार वेळा धुतल्यावर कापड पांढरं आलं. बोअर मात्र गरम पाण्यानं आणि मग ऑइल लावलेल्या टिश्यूनं पुसत राहावे लागले, टिश्यूवर करडा डाग यायचा बंद होईपर्यंत. ही पूड बेअरिंगमध्ये गेली असती तर पहिल्या तासातच क्रँकवर चरे पडले असते. हे काम रात्री दोनपर्यंत चाललं आणि आईनं दोनदा येऊन विचारलं की भांडी घासतोयस की काय.

वजनं गुजरीतल्या सराफ मित्राच्या काट्यावर केली. पिस्टन चारही एका ग्रॅमच्या आत, रॉड दोन ग्रॅमच्या आत. त्याला हात लावायची गरज नव्हती.

रिंगांचा गॅप हा सगळ्यात संथ भाग. रिंग तापली की लांब होते. तिची दोन टोकं एकमेकांना टेकली तर तिला फुगायला जागा उरत नाही, ती भिंतीत रुतते आणि पिस्टनचा वरचा कडा तोडून नेते. जितका बूस्ट जास्त, तितकी उष्णता जास्त, तितका गॅप जास्त ठेवायचा. माझ्या बोअरला वरच्या रिंगसाठी ०.४२ मि.मी. आणि दुसऱ्या रिंगसाठी ०.४८ ठरवला. रिंग त्याच बोअरमध्ये सोडायची, उलट्या पिस्टननं ढकलून भिंतीशी काटकोनात बसवायची, फिलर गेज घालून बघायचं, बाहेर काढायची, हातानं फिरवायच्या छोट्या चाकावर दोन फेरे घासायची, टोकाला आलेला कड बारीक दगडानं मोडायचा, पुन्हा आत. घासायचं नेहमी बाहेरून आतल्या दिशेला, नाहीतर रिंगच्या तोंडावरचं कोटिंग उचकटतं. एका रिंगला दहा-बारा फेऱ्या. आठ रिंगा, पूर्ण रविवार. घासलेलं परत येत नाही, त्यामुळे ०.४० आला की हात आपोआप हळू व्हायचा.

बेअरिंगला मला ०.०५ मि.मी. फट हवी होती. प्लास्टिगेजचा मऊ धागा जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागावर) ठेवून कॅप टॉर्कला घट्ट केली, सोडली आणि चपटा झालेला धागा पट्टीवरच्या खुणांशी ताडून पाहिला. नंतर तीच गोष्ट बोअर गेजनं मोजली, कारण प्लास्टिगेजवर एकट्यावर माझा भरवसा नाही. ०.०४८, ०.०५०, ०.०३४, ०.०४९. तिसरा रॉड पुन्हा. क्षणभर वाटलं या सिलिंडरचं माझ्याशी काही वैर आहे. शेल (बेअरिंगची अर्धी वाटी) काढला, उजेडाकडे धरला. पाठीवर पुसायच्या कापडाचा एक धागा चिकटला होता, केसापेक्षा बारीक. तो काढला आणि फट ०.०४९ आली. त्या दिवसापासून जुळणीच्या टेबलावर मी सुती कापड येऊ देत नाही.

रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचवर न सोडता ताण मोजून आवळले. बोल्ट हा खरं तर फार ताठ स्प्रिंग. तो किती लांबला यावर त्याची पकड ठरते, आणि टॉर्कचा आकडा तर ग्रीस आणि आट्यांच्या घर्षणानुसार खोटं बोलतो. आवळायच्या आधीची लांबी, नंतरची लांबी, फरक साधारण ०.१५ मि.मी. आठही बोल्टांचा वहीत लिहून ठेवला. पुढे कधी उघडलं आणि एखादा बोल्ट मूळ लांबीवर परत आला नाही तर तो फेकायचा.

सगळं आत बसल्यावर क्रँक हातानं फिरवला. अर्ध्या फेरीला बारीक टक् आवाज. पुन्हा फिरवला, पुन्हा टक्. या इंजिनात पिस्टनच्या पोटावर तेलाची धार मारणारे जेट ब्लॉकमध्ये खालून बसवलेले असतात. नवीन पिस्टनचा स्कर्ट चौथ्या जेटच्या नळीला खालच्या टोकाला चाटून जात होता. पिस्टन पुन्हा काढला, जेट थोडा वळवून सरळ केला, धार नेमकी पिस्टनच्या पोटावर पडते का ते हवेच्या दाबानं तेल सोडून पाहिलं. स्टार्टरनं फिरवलं असतं तर तो टक् ऐकूच आला नसता.

हेडचं काम थोडक्यात: व्हॉल्व्ह बसवून घेतले, स्प्रिंग जास्त ताठ घातले, स्टीलचा बहुपदरी गॅस्केट, आणि एकदाच वापरायच्या ताणाच्या बोल्टांऐवजी स्टड. तेलाचा पंप नवा, पंपाकडे तेल नेणारी पिकअप नळीही नवी, कारण या इंजिनात जुन्या तेलाचा चिखल पिकअपची जाळी बुजवतो आणि माझ्या जुन्या जाळीचा निम्मा भाग बुजलेला होता. पाण्याचा पंप धातूच्या पंख्याचा. क्लच, इंटरकूलर, ७५० सीसीचे इंजेक्टर, इंधन पंप ही यादी कुणीही करील.

पहिल्यांदा सुरू करताना आधी प्लग आणि इंजेक्टरची जोडणी काढून स्टार्टरवर फिरवलं. तेलाच्या दाबाचा काटा हलला, चढला, थांबला. मग प्लग लावले आणि इंजिन लागलं, पहिल्याच प्रयत्नात. थंड असताना पिस्टनचा कडकड आवाज आला, तो अपेक्षितच होता. पाच मिनिटांनी तो गेला आणि सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. दाट, निळा, जळक्या तेलाचा वास असलेला. मी बंद करून गॅरेजच्या पायरीवर बसलो. रिंगा बसल्या नाहीत, होनिंग चुकलं, काय काय मनात आलं.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "रिंगचा धूर गॅस दिल्यावर वाढतोय. तुझा कवा वाढतोय?" मी पुन्हा सुरू करून बघितलं. धूर आयडलला होता आणि तो हळूहळू वाढत होता; गॅस दिल्यानं त्यात फरक पडत नव्हता. मग टर्बोखाली पाहिलं. तेल आत जाणाऱ्या नळीला ०.९ मि.मी.चा अडथळा बसवलेला होता, बॉल बेअरिंगच्या टर्बोला लागतो तसा. पण टर्बोतून सम्पकडे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीकडे) परत येणारी नळी मध्येच आडवी होऊन किंचित वर उठत होती. टर्बोतलं तेल फक्त उतारानं खाली येतं, त्याला मागून ढकलायला दाब नसतो. ते तिथं साचत होतं आणि सीलमधून गरम बाजूला झिरपत होतं. नळी कापून सरळ उतरती केली. एक्झॉस्टमधलं आधीचं तेल जळायला वीस मिनिटं लागली, मग धूर कायमचा थांबला.

रिंगा बसवायला इंजिनावर भार द्यावा लागतो. नुसतं आयडलवर ठेवून बोअर चकचकीत होतात आणि रिंगा कधीच बसत नाहीत. पुण्यातल्या एका डायनोवर (गाडी जागेवरच चालवून शक्ती मोजायच्या यंत्रावर) मिनरल तेल घालून, बूस्ट कमीत कमी ठेवून भार द्यायचा आणि सोडायचा, असं पाऊण तास. तेल काढलं, फिल्टर कापून कागद उलगडला. सोनेरी बारीक चमक होती, पण नखाला लागेल असा कण एकही नाही. दुसऱ्या तेलात चमकही नव्हती.

ट्यूनिंग दुसऱ्या माणसानं केलं, आणि त्यानं पहिल्या दिवशी बूस्ट एक बारच्या वर जाऊच दिला नाही. नॉक सेन्सर काय ऐकतोय ते तो हेडफोन लावून स्वतः ऐकत होता, कारण फोर्ज्ड पिस्टनचा आवाज ईसीयूला नॉकिंगसारखा वाटू शकतो आणि उलट खरं नॉकिंग त्या आवाजात बुडूही शकतं. पुण्यात इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, तेच वापरलं. बूस्ट चार हजारांनंतर भरू द्यायचा, टॉर्कचा डोंगर न होऊ देता पठार ठेवायचं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी दीड बारला चाकांवर ३०२ अश्वशक्ती आणि ३७० न्यूटन-मीटर आले. तो म्हणाला, इग्निशन अजून दोन अंश पुढे नेता येईल. मी नको म्हटलं.

पावसाळा सरल्यावर अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यतीत गाडी धावली. पहिल्या दोन गिअरांत चाकं नुसती फिरतात, पण तिसऱ्यात टर्बो भरतो तेव्हाचा तो लांब श्वास मला अजून शब्दांत पकडता येत नाही. १३.४ सेकंद. माझ्यापुढे बरेच जण होते.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी प्लग काढले, पितळेची सळई घेतली, डायल गेज लावला आणि चारही पिस्टन मोजले. चारही तीन शतांश मिलिमीटरच्या आत. अण्णांकडे जाऊन आकडे सांगितले. त्यांनी वही काढली, बोअरच्या मापांचं ते पान शोधलं, खाली चारही आकडे लिहिले आणि तारीख टाकली. मग कोपऱ्यात उभी केलेली प्लेट दाखवून म्हणाले, तिला तेल लाव, दोन दिस हात लागला न्हाई तर गंज धरतीया. मी कापड मागितलं. त्यांनी टिश्यूचा रोल पुढे केला.